बाकी शाळा चांगली होती

ती घटना आजही आठवते, आणि डोळ्यांआधी कानांना आठवते. पोलिसाचा कान तयार असावा लागतो, असं प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं. कान तयार कशासाठी असावा, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते मी या प्रकरणात शिकलो. यातली काही माणसं अजून हयात आहेत, काहींची मुलं-नातवंडं आहेत, म्हणून कुणाचंही नाव घेत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूर शहरातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो, नोकरी अजून नवीच होती. आमच्या हद्दीत, परकोटाच्या आत, एक जुनं हायस्कूल होतं. काळ्या दगडाची इमारत, उंच कमानी, मैदानाच्या कडेला चिंचा. शहरात दुसरी हायस्कुलंही होती, पण नुसतं 'हायस्कूल' म्हटलं की हेच. अहेरी-सिरोंचाकडचे लोक मुलाला तांदळाच्या पोत्यासकट चंद्रपुरात खोली करून ठेवत, ते याच शाळेसाठी. इथून डॉक्टर निघाले, न्यायाधीश निघाले, मंत्रालयात बसणारे निघाले. सोयरिकीच्या बोलण्यांत "पोरगा हायस्कूलचा हाये" एवढं सांगितलं की मुलीकडचे पुढची चौकशी कमी करत.

मी तिथला नाही. माझं गाव ब्रह्मपुरीकडचं. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सभेत वाटलेली, मोर्चात मिळालेली, दीक्षाभूमीवरून आणलेली पत्रकं वडील घडी घालून पेटीत ठेवत आणि संध्याकाळी मला मोठ्यानं वाचायला लावत. त्या वाचनानं मला एक खोड लावली. एखाद्या संस्थेचं फार नाव ऐकलं की मनात प्रश्न उभा राहतो, हे नाव झालं ते कुणाच्या जिवावर? पोलीस खात्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला फार मित्र मिळत नाहीत.

त्या हिवाळ्यात शाळेचा मोठा महोत्सव ठरला होता. कमानींना चुना लागत होता. जुने विद्यार्थी मुंबई-नागपूरहून यायचे होते. आणि ऐन त्या धामधुमीत शाळेचे इतिहासाचे गुरुजी बेपत्ता झाले.

गुरुजी विधुर होते, निवृत्तीला टेकलेले. त्याच शाळेत शिकले आणि तिथेच आयुष्यभर शिकवलं. महोत्सवाच्या स्मरणिकेत शाळेचा इतिहास तेच लिहीत होते. त्यांचा पुतण्या सकाळी ठाण्यात आला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं. "काका परवापासून घरी नाई आले साहेब. चष्म्याचं घर नेलं, पिशवी नेली. काई सांगतलं नाई." आम्ही मिसिंग दाखल केली, वर्णन लिहून घेतलं, जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सरकारी दवाखाना, सगळं पालथं घातलं. रामाळा तलावाच्या काठानंही एक चक्कर झाली. तिथे काही मिळू नये असं मनात म्हणतच मी ती मारली.

दुपारी महोत्सव समितीचे अध्यक्ष ठाण्यात आले. राईस मिलचे मालक, मालगुजार घराण्यातले. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण मूल गावाच्या पुढच्या एका खेड्यात धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं, आणि वरचं पाणी अजून त्यांचंच होतं. तेही हायस्कूलचेच. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "शोध जरूर घ्या. फक्त शाळेचं नाव कुठं यायला नको. महोत्सव तोंडावर आहे."

माणूस हरवला होता आणि यांना नावाची काळजी. मी ते मनात टिपून ठेवलं.

मग त्यांनी एका तरुणाकडे बोट दाखवलं. माजरीच्या कोळसा खाणीत काम करणारा, शाळेचा जुना विद्यार्थी, युनियनच्या सभेत बोलणारा. आठवड्यापूर्वी तो शाळेत आला होता आणि शिक्षकांच्या खोलीसमोर गुरुजींवर ओरडला होता. चार शिक्षकांनी जबाबात तेच वाक्य सांगितलं: "तुमी शब्द फिरवला मास्तर. आता मी तुमाले पाह्यतो."

आम्ही त्याला पाळीवरून उचलून आणलं. कानाच्या पाळीत, नखांत कोळसा तसाच होता. भांडण झालं हे त्यानं कबूल केलं. कशावरून, ते सांगेना.

"ते माहं अन् मास्तरचं हाये."

"गुरुजी कुठे आहेत?"

"मले मालूम नाई."

हे म्हणताना त्यानं खाली पाहिलं. तो खोटं बोलतो आहे, हे मला कळलं, साहेबांनाही कळलं. पण खोटं बोलणारे सगळे एका जातीचे नसतात. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा भराभर बोलतो, नवीनवी माणसं आणि जागा आणतो. दुसऱ्या कुणाला वाचवायला खोटं बोलणारा एकाच वाक्याला धरून बसतो. हा एकाच वाक्याला धरून बसला होता.

आमचे निरीक्षक साहेब साताऱ्याकडचे. पैशाला न शिवणारा, शब्दाचा पक्का माणूस. पण त्यांचा पट्ट्यावर विश्वास होता. पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा, मुद्देमालाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. पोराला आणल्यापासून त्यांना वरून फोन येत होते, आणि वरचे फोन करणारेही हायस्कूलचेच. प्रत्येकाचा प्रश्न तोच, "बोलला का?" मी दर फोनगणिक त्या खिळ्याकडे पाहत होतो, कारण पट्टा निघाला की माणूस बोलतोच. मग ते खरं की खोटं, हे कुणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ठाणे अंमलदार म्हणून जो हवालदार बसला होता तो नगर जिल्ह्यातून बदलून आलेला होता, प्रामाणिक आणि जरा मोठ्या आवाजाचा. लाईन खराब होती. तो एका कानावर हात ठेवून ओरडत होता, "काय? बॉडी? कुठं बॉडी? हॅलो!" मग त्यानं रिसीव्हर ठेवला आणि उभा राहिला.

"साहेब, मूलकडनं फोन. मास्तरची बॉडी हाय म्हणतोय."

"कुठं?"

"तेवढ्यात लाईन गेली."

एक्सचेंजला विचारलं, तर कॉल मूल भागातून आला एवढंच त्यांना ठाऊक. मूल ठाण्याला विचारलं, त्यांना काहीच माहीत नाही. मूलच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी जंगल. त्यात प्रेत शोधायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि हवालदाराला म्हणाले, "पट्टा आण."

व्हरांड्यात अध्यक्ष होते, समितीचे लोक होते, शाळेचे माजी विद्यार्थी होते. बॉडी हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

मी साहेबांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेलो. तरुण भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. साहेबांनी पट्टा समोरच्या टेबलावर ठेवला, हातात घेतला नाही.

"हे बघ. बॉडी मिळाली आहे. आता लपवून उपयोग नाही."

दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या पोरानं मान वर केली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"बोडीचं कोनं सांगतलं तुमाले?"

साहेब माझ्याकडे वळून पाहत हळूच म्हणाले, "घ्या." मग त्याला, "म्हणजे तुला माहीत होतं."

"मालूम काऊन नाई राह्यन? माह्या बापाच्याच राखनीत हाये." तो एकदम हात जोडून उठला. "साहेब, मले काय कराचं ते करा. मारा. पन माह्या बापाचं नाव त्यात घेऊ नका. त्याचा काई दोष नाई. बोडीवर त्यानं नाई बोलावलं मास्तरले."

साहेब खोलीतून बाहेर पडले. त्यांचा आवाज मला ऐकू आला, "कबुली आली. बापही सामील आहे. गाव विचारून घ्या." आणि मग हवालदाराचा मोठा आवाज, तेच वाक्य पुन्हा उच्चारणारा. व्हरांड्यात खुर्च्या सरकल्या.

मी जागीच उभा होतो. काहीतरी खटकलं होतं. इकडचे लोक डॉक्टरला डाक्टर म्हणतात, कॉलेजला कालेज म्हणतात. त्यामुळे तो बॉडीला बोडी म्हणतो, यात साहेबांना वावगं वाटलं नाही. मलाही क्षणभर वाटलं नाही. वर्षभर शहरात राहून माझाही कान ठाण्याचा झाला होता. पण 'राखन' हा शब्द अडला. प्रेताची कुणी राखण करतं का?

मी विचारलं, "किती दिवसांपासून राखून राह्यला तुहा बाप?"

"लई वर्सं झाले. माही माय जित्ती होती तवापासून."

आमच्या झाडीपट्टीत धानाच्या वरच्या अंगाला पाळ घालून पाणी अडवतात. मोठं असेल तर तो तलाव. लहान, एखाद्या शेतापुरतं असेल तर ती बोडी. माझं अर्धं बालपण आमच्या गावच्या बोडीत गेलं होतं.

"बोडी म्हंजे पान्याची बोडी का रे?"

त्या अवस्थेतही त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ठार वेडा आहे. "मंग बोडी कशाची राह्यते साहेब? दह्याची?"

मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि आमच्या साहेबांच्या बॉडीचा अर्थ त्याला सांगितला. त्यानं माझी बाही धरली. "नाई, नाई. मास्तर जित्ते हाये. मीच एसटीत बसवून देल्लं त्याईले."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. त्याचा बाप आणि गुरुजी एकेकाळी हायस्कूलच्या एकाच वर्गात होते. बाप आमच्याच समाजाचा माणूस, पुढं शाळा सुटली, मजुरी करत शेवटी अध्यक्षांच्या गावी त्यांच्या बोडीचा आणि धानाचा राखणदार झाला. स्मरणिकेसाठी बापाची आठवण छापतो, असा शब्द गुरुजींनी मुलाला दिला होता. मग समितीनं ते पान काढलं. त्यावरून ते भांडण. पण भांडणानंतर दोनच दिवसांनी गुरुजी स्वतः माजरीला आले. म्हणाले, पान काढलं तर काढलं, तुझ्या बापाला मी स्टेजवर आणतो, त्याच्या तोंडानं सांगू दे.

"मंग काऊन नाई बोलला रे बाप्पा? पट्टा पाह्यला नाई का समोरचा?"

"बोडी कोनाची हाये? अध्यक्षाची. त्याले आधी मालूम पडलं असतं त माह्या बापाले त्याच दिवशी हाकललं असतं. राह्याच्या खोपडीसकट. मास्तर म्हने, महोत्सवापर्यंत कोनाले सांगू नोको. म्या म्हटलं, नाई सांगत."

मी बाहेर आलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

"तुमच्या झाडीपट्टीच्या एका शब्दावर मी संशयित सोडून देऊ?"

"सोडू नका साहेब. हात लावू नका, एवढंच. मी गुरुजींना घेऊन येतो."

"आणि फोनवाला खरंच बॉडी म्हणाला असेल तर?"

तेही शक्य होतं. दोन म्हातारे एका निर्जन पाळीवर, आणि एकाच्या मनात दुसऱ्याबद्दल जन्मभराचा राग असायला जागा होती. पोरानं गुरुजींना जिवंत बसवून दिलं असेल, पुढचं पोराला तरी काय ठाऊक? साहेबांनी आतून पट्टा आणून माझ्यासमोर खुर्चीखाली टाकला. "दिवस मावळेपर्यंत," म्हणाले.

व्हरांडा रिकामा होता. अध्यक्षांची जीप गेली होती. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, "बाप सामील हाये ऐकलं अन् निंगाले साहेब. गाव त अध्यक्षाचंच हाये. मागून मेटाडोर भरून लोक गेले. लाठ्या हायेत."

मी दोन शिपाई घेतले आणि आमची जीप काढली. त्या रस्त्यावरचा प्रत्येक बांबूचा ट्रक मला आजही आठवतो, कारण प्रत्येकानं वाट अडवली. डोक्यात एकच हिशेब चालू होता. गुरुजी मेलेले असतील तर पोरगा संपला. जिवंत असतील आणि मेटाडोर आधी पोचली तर म्हातारा संपला, आणि त्याच्यासोबत गावातली आमच्या समाजाची आठ-दहा घरंही. लोक आधी मारतात आणि मग विचारतात, बॉडी कुठे आहे.

छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, फाटकाशी आम्ही त्यांना गाठलं. फाटक बंद होतं. छोट्या लाईनची गाडी ती, बैलगाडीलाही लाज वाटावी अशा चालीनं येत होती. मी उतरून मेटाडोरकडे गेलो आणि ड्रायव्हरच्या हातावरून हात घालून चावी काढून घेतली. मागे दहा-पंधरा जण. एक वकील, दोन व्यापारी, एक माझ्या ओळखीचे डॉक्टर. छातीवर महोत्सवाचे बिल्ले आणि पायाशी लाठ्या.

"गाडी पुढं जाणार नाही."

वकील खाली उतरले. "फौजदार, आमचे गुरुजी मारले गेलेत. तुम्ही हायस्कूलचे नाही, तुम्हाला नाही कळायचं."

"गुरुजी जिवंत असण्याचा संभव आहे."

"संभव?"

"हो. आणि तुम्ही लाठ्या घेऊन निघालात त्या म्हाताऱ्याला कधी पाहिलंय का? तोही हायस्कूलचा आहे."

डॉक्टरांनी लाठी पायानं आत सरकवली. एक शिपाई तिथेच ठेवून मी निघालो. अध्यक्षांची जीप मात्र फाटक पडायच्या आधीच पुढे गेली होती.

गावाशी पोलीस पाटील भेटला. मी जीपमधूनच ओरडलो, "फोन तुमी केला का? काय सांगतलं?"

"म्याच केला. लाकूड डेपोतून. तुमचा मास्तर हाये इथी बोडीवर, म्हटलं. थो हवालदार 'बॉडी, बॉडी' करून राह्यला होता. म्या म्हटलं, हो बाप्पा, बोडी, बोडी. मंग लाईन तुटली."

मला हसू आलं नाही. डोळ्यांनी पाहेपर्यंत मला हसू की रडू, काहीच येणार नव्हतं.

पाळीवर चढलो. बोडीत शिंगाड्याचे वेल पसरले होते. खाली पिवळं पडलेलं धान. अध्यक्ष पाळीच्या टोकाला उभे होते. आणि मचाणाच्या सावलीत दोन म्हातारे बसले होते. एक काळा, वाळलेला, खांद्यावर दुपट्टा. दुसरा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि उकडलेला शिंगाडा सोलत बसलेला.

गुरुजी मला म्हणाले, "या. हा स्टेजवर येतो म्हणत नाही हो. म्हणतो, पह्यले धान राखू लाग, मग पाहू. तीन दिवस डुकरं हाकलतोय."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. हरवलेला माणूस जिवंत सापडला की माणसांचे खांदे सैल पडतात. माझ्या नोकरीत मी हे शेकडो वेळा पाहिलं. अध्यक्षांचे खांदे तसेच ताठ होते. ते राखणदाराला म्हणत होते, "तू काय सांगतोस ते सांग बापा. पण खाल्ल्या घराचे वासे मोजू नयेत."

राखणदारानं त्यांच्याकडे पाठ केली. मला विचारलं, "माहा पोरगा कुठी हाये?"

"ठाण्यात."

"मारलं का त्याले?"

"मी निघालो तोपर्यंत नाही."

म्हातारा उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला. गुरुजी चिखलाच्या पायांनी मागोमाग. मूल ठाण्यातून मी बिनतारी संदेश पाठवला: मास्तर जिवंत, सोबत घेऊन येत आहे, संशयितास हात लावू नये. बोडी हा शब्द मुद्दाम घातला नाही. परतीच्या वाटेवर सूर्य समोरच खाली खाली जात होता. म्हातारा हुडाच्या दांडीला धरून बसला होता आणि त्याची बोटं पांढरी पडली होती.

ठाण्यात पोचलो तेव्हा साहेब कोठडीसमोर खुर्ची टाकून स्वतः बसलेले होते. कोठडीची किल्ली त्यांच्या खिशात. वरून आलेले फोन त्यांनी घेतले नव्हते. कोठडीत पोरगा चहा पीत होता. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, त्यांच्या पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं आणि उठून कोठडी उघडली. म्हातारा आत गेला, पोराची पाठ दोन्ही हातांनी चाचपून पाहिली, वरपासून खालपर्यंत, आणि मग तिथेच मटकन बसला. हवालदार दारात उभा होता. त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. "आमच्याकडं तळं म्हणत्यात हो," एवढंच तो म्हणाला.

मी गुरुजींचा जबाब लिहून घेतला. ते म्हणाले, "शाळेच्या इतिहासात मी लिहिलं होतं, 'या शाळेत कधी भेद पाळला गेला नाही.' लिहिलं तेव्हा मला ते खरंच वाटलं. छपाईआधी वाचताना वर्गातला माठ आठवला. मी माठाच्या बाजूच्या बाकावर बसत होतो फौजदार. याला तिथे कधी पाहिल्याचं आठवेना. मग हा पाणी कुठे पीत होता? आयुष्यभर इतिहास शिकवला आणि हा प्रश्न पडायला इतकी वर्षं लागली."

महोत्सवाला बंदोबस्त माझ्याकडेच होता. भाषणं झाली, हार झाले, शाळेनं देशाला काय काय दिलं त्याची यादी झाली. मग गुरुजी उठले आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं नाव पुकारलं. म्हातारा धुतलेल्या कपड्यांत स्टेजवर चढला. अध्यक्षांनी माईकवाल्याला खूण केली. मी माईकवाल्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. कायद्यानं त्याला मी काहीच करू शकत नव्हतो. पण त्याला ते ठाऊक नव्हतं.

म्हातारा एवढंच बोलला:

"मी या शाळेत पाच वर्सं शिकलो. माठाले हात लावाचा नाई, असं होतं. चपराशी वरून पानी ओतन त ओंजळीनं पेवाचं. त्याले येळ नाई राह्यचा. मंग म्या मांगनंच सोडून देल्लं. पाच वर्सं या शाळेत पानी नाई पेलो. बाकी शाळा चांगली होती."

आणि तो खाली उतरला.

मी हजारो माणसांचे जबाब घेतले. इतका चोख जबाब दुसरा ऐकला नाही. त्यात एकही शब्द रागाचा नव्हता, म्हणून कुणाला त्याच्यावर रागावताही येईना. मंडपात पहिली रांग खाली पाहत होती. मागे, जिथे खेड्यातून आलेली माणसं उभी होती, तिथे एका बाईनं पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी शाळेची बदनामी झाली, असं शहरात बरेच दिवस बोललं गेलं. मी याच्या उलट म्हणतो. शाळेची बदनामी माठापाशी झाली होती, फार पूर्वी. त्या दिवशी फक्त ती जबाबात आली. ज्या संस्थेला आपल्या नावाची भीती वाटते तिनं नाव झाकून काही होत नाही. आणि ज्यांनी त्या नावाखातर लाठ्या उचलल्या, ते शिकलेले, सभ्य लोक होते. मला चोर-दरोडेखोरांपेक्षा त्या बिल्ल्यांची जास्त धास्ती वाटली.

या प्रकरणानं माझी एक सवय कायमची बदलली. पुढे प्रत्येक ठाण्यात मी एक नियम लावला. जबाब देणारा जो शब्द वापरतो तोच लिहायचा, कळला नाही तर त्यालाच विचारायचा, आपला शब्द त्याच्या तोंडी घालायचा नाही. गोंडी असो, तेलुगू असो, आमची झाडी असो. बदलून आलेले अधिकारी हसायचे. हसू दिलं. आपल्याला ज्या शब्दाची भीती किंवा भूक असते तोच शब्द समोरच्याच्या तोंडून ऐकू येतो, आणि आपल्या हातात पट्टा असेल तर तो खराही ठरवता येतो.

राखणदाराला मात्र मी वाचवू शकलो नाही. धान निघालं, मळणी झाली, आणि पुढच्या हंगामासाठी अध्यक्षांनी दुसरा माणूस ठेवला. त्यात कोणताही गुन्हा होत नव्हता. मी कलमं चाळून पाहिली होती.

बदली होण्याआधी एकदा माजरीला गेलो होतो, तेव्हा पोराच्या क्वार्टरवर थांबलो. म्हातारा दारात बाजेवर बसला होता. आजूबाजूला कोळशाची राख, एकही झाड नाही, पाणी नळाचं. पोरगा खाणीतली पाळी संपवून अंगणात अंग धूत होता, काळं पाणी वाहत होतं. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, बोडीची आठवण येत असन."

"येते न. काऊन नाई येनार?" तो पोराच्या वळ नसलेल्या पाठीकडे पाहत म्हणाला. मग हसला. दात नव्हते फारसे. "बोडी गेली साहेब. बॉडी राह्यली."